दोरीवरचा शिंजीर

सकाळचे 7 वाजून गेलेत. गॅलरीत खुर्ची टाका, सूर्य पाठीशी राहील अशी. कॅमेरा मांडीवरच असू द्या. डोळ्याला लावायची घाई नको. लेन्स 600ची की जुनी 300ची, हा विषयही आत्ता नको. त्यावर भिगवणला पक्षी बघायला गेल्यावर नावेत बसून हवं तेवढं बोलता येतं.

आधी कान द्या. घराजवळच्या पाखरांचा पत्ता बहुधा कानालाच लागतो. तांबटाचं टुक् टुक् चाललंय, चालू द्या. कुठं कुकरची शिट्टी झाली, तीही होऊ द्या. कुंड्यांमागून एवढ्याशा जिवाला न शोभणारा मोठा आवाज येतोय, तो शिंपी. दिसला नाही तरी बिघडत नाही.

शिंजीर आलाय. जास्वंदीवर नव्हे, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. काळाच दिसतोय ना? थांबा. तो मान वळवेल. वळवली, की त्याच काळ्यातून जांभळा उजळतो, निळा चमकतो आणि पुन्हा विझतो. त्या पिसांत जांभळं रंगद्रव्य नाही. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून ऊन एका ठरावीक कोनात परततं, तेव्हा तो रंग होतो. म्हणजे पक्षी हवा, सूर्य हवा आणि तुम्ही बसलात ती जागाही हवी. खुर्ची चार हात पलीकडे असती, तर तेवढ्या वेळापुरता तो तुम्हाला काळाच दिसला असता. हे जरा मनात घोळू द्या. पक्ष्याचा रंग टिपला असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातलं त्याचं किती आणि आपण कुठं बसलो त्याचं किती?

आता कॅमेरा उचला, सावकाश. फोकस डोळ्यावर. मागं उजळ आभाळ आहे, तेव्हा कॅमेरा फसणार आणि पाखराचा कोळसा करणार. एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा. शटर 1/1000च्या खाली नको, कारण जेमतेम 10 सेंटिमीटरचा हा जीव बसल्या जागीही स्वस्थ नसतो. श्वास सोडता सोडता दाबा. आणि लगेच स्क्रीनमध्ये डोकं घालू नका. तुमची मान खाली गेली, की हा नेमका जास्वंदीच्या फुलाच्या बुडाशी चोच खुपसून, परागांना न शिवता मध ओढून पसार होतो.

फोटोत दोरी येणारच, चिमट्यासकट. या छंदात तारेवरच्या, दोरीवरच्या पक्ष्याला मान नाही. फांदी हवी, मागं धूसर हिरवं हवं. काही जण दोरी नंतर पुसूनही टाकतात. मला ते पटत नाही. जंगलातला वाटावा असाच फोटो हवा असेल, तर गॅलरीत बसायचं कशाला?

इथं बसल्यानं मिळतं ते वेगळंच. विणीचा हंगाम सरला, की नर आपला जांभळा झगा उतरवतो. मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत काळसर पट्टा तेवढा उरतो. मधल्या दिवसांत तो ठिगळं लावल्यासारखा दिसतो, आणि असा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. तरी काढा. गेल्या महिन्यातल्या फोटोशेजारी ठेवून बघा. तोच हा पक्षी की दुसरा, हे छातीठोक सांगता येणार नाही. पण काय उतरलं, काय राहिलं, ते दिसेल.

आणि मादी? गॅलरीच्या कोपऱ्यातली कोळिष्टकं चोचीत धरून नेताना दिसली, तर घरटं जवळच आहे. कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, काटक्याकुटक्या यांची लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर इवलासा सज्जा. फोटो मिळेल, सुरेख मिळेल. मनात ती इच्छा उठेल, तिला नीट पाहून घ्या. मग मादीकडे पाहा. पुढं पिल्लांसाठी चारा घेऊन आलेली ती घरट्याकडे न जाता ताटकळत राहिली, तर तिची वाट तुम्हीच अडवली आहे. पानं बाजूला सारणं, फ्लॅश, मोबाइलवर आवाज वाजवणं तर सोडाच, नुसतं जवळ उभं राहणंही तिला जड जातं. कॅमेरा घेऊन आत जा. आणि कामाला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, गॅलरी झाडा, पण त्या कोपऱ्यातली जळमटं पावसाळा सरेपर्यंत काढू नका.