आडोसा

खाऱ्या पाण्याचे अ‍ॅक्वेरियम घरी ठेवणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते. काचेची मोठी टाकी आणली, मीठ मोजून घालून समुद्रासारखे पाणी तयार केले, दुकानदाराने सांगितले ते सारे केले. आणि मासा मात्र आणल्या दिवसापासून खडकामागे जाऊन बसला आहे! पाहुणे येतात, त्यांची मुले काचेवर टिचक्या मारतात, कोणीतरी विचारते, 'यात मासा आहे तरी का?' यजमान ओशाळतो. त्या ओशाळण्यातून माशाविषयी नकळत एक राग मनात उमटतो. खाऊ घालायचे आम्ही आणि तोंड दाखवायला हा तयार नाही!

वाचकहो, तक्रार क्षुल्लक वाटेल. पण तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. ज्याला आपण पाळतो, पोसतो, त्याने आपल्या डोळ्यांसमोर राहावे, असा हक्क आपल्याला प्राप्त होतो काय? उत्तर देण्याची घाई करू नये. मासा का लपतो हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानावर दिलेला निवाडा बहुधा अन्यायाचाच ठरतो.

प्रवाळखडकावरच्या लहान माशाचे सारे जगणे कपारीच्या आधाराने चालते. हिरवट निळे क्रोमिस मासे थव्याने उघड्या पाण्यात चरतात, परंतु फांद्याफांद्यांच्या प्रवाळापासून फार दूर जात नाहीत. शिकारी मासा जवळ येताच अख्खा थवा त्या फांद्यांत शिरतो. नारिंगी क्लाऊन मासा समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या तंतूंत आसरा घेतो. ट्रिगर माशाची युक्ती तर थक्क करणारी आहे. कपारीत शिरून तो पाठीवरचा पहिला काटा ताठ उभा करतो आणि मागच्या लहान काट्याने त्याला अडसर घालतो. मागचा काटा खाली बसल्याशिवाय पुढचा हलत नाही, म्हणून त्याला ओढून काढणे शत्रूला जमत नाही. बंदुकीच्या घोड्यावरून त्याला नाव मिळाले ते यामुळेच. रॅस कुळातील कित्येक मासे रात्री वाळूत स्वतःला पुरून घेऊन झोपतात; नव्या टाकीत सोडल्यावर त्यांच्यापैकी एखादा काही दिवस वाळूतून वर येत नाही आणि मालक तो मेला असे समजून वाळू उपसू लागतो. मोठ्या डोळ्यांचे सोल्जर आणि कार्डिनल मासे रात्रीचे प्राणी आहेत. दिवसभर ते कपारीच्या छपराखाली थांबतात. त्यांनी दुपारी बाहेर यावे असे म्हणणे म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला भर दुपारी उठवून आळशी ठरवण्यासारखेच आहे.

या सर्वांत मला सर्वाधिक विचार करावयास लावतो तो गोबी मासा. वाळूच्या तळावर एक कोळंबी बीळ खणते. तिची दृष्टी फार अधू. दिवसभर ती वाळू उपसून बिळाबाहेर टाकत असते आणि बाहेर असताना आपली एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. धोका दिसताच तो शेपटीची हालचाल करतो. मिशीतून ती सूचना कोळंबीला पोचते आणि दोघेही क्षणात आत नाहीसे होतात. बीळ कोळंबीचे, डोळे गोबीचे. येथे लपण्याला आपण भित्रेपणा म्हणणार काय? दोन भिन्न जातींच्या जीवांनी परस्परांवर टाकलेला हा विश्वास आहे आणि त्याच्याच बळावर ती दुबळी कोळंबी उजेडात येऊन काम करू शकते.

आता दुसरी बाजू. प्रत्येक लपणे असे निरोगी नसते. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू वाढावयास काही आठवडे लागतात. समुद्राचे पाणी किंचित क्षारधर्मी असल्याने त्यातला अमोनिया अधिकच विषारी ठरतो आणि कल्ले पोळलेला मासा कोपऱ्यात जोरजोराने श्वास घेत पडून राहतो. अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी जडला, तरी तो लपतो. टाकीत आधी आलेल्या दांडग्या डॅमसेल माशाने सगळी जागा बळकावली असेल, तर नवागताला लपण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी जाणते लोक खडकांची मांडणीच बदलतात, म्हणजे जुनी मालकी मोडते. शिवाय माशाला पापण्या नसतात. अंधाऱ्या टाकीवर एकदम प्रखर दिवा लागला, तर त्याने डोळे मिटायचे कसे? पाण्यात ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक असतो आणि माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याचे हेलकावे जाणणारी संवेदनरेषा असते. पाहुण्यांच्या मुलाची टिचकी आपल्याला गंमत वाटते. आत काय पोचते याचा विचार आपण करत नाही.

म्हणून पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य पारख करण्याचे आहे. मासा लपूनही वेळेवर खातो का? त्याचा श्वास संथ आहे का? ठरावीक बिळात जातो-येतो, की मिळेल त्या फटीत अंग चोरून पडतो? पाण्याची चाचणी काय सांगते? हे पाहिल्याखेरीज 'लाजाळू आहे' किंवा 'आजारी आहे' असे म्हणणे उतावीळपणाचे होईल.

अनुभवी मत्स्यपालक मात्र एक विलक्षण गोष्ट सांगतात. मासा दिसत नाही म्हणून अधीर मालक खडक काढून टाकतो. तसे केले की मासा दिसतो खरा, परंतु कोपऱ्यात रंग फिका पडून उभा असलेला दिसतो. अन्न सोडतो आणि बहुधा लवकरच मरतो. उलट, ज्या टाकीत माशांच्या संख्येहून कपारी अधिक, तेथले मासे दिवसाचा पुष्कळसा वेळ मोकळ्या पाण्यात हिंडतात. पळून जाण्याची जागा जवळ आहे ही खात्री असली, म्हणजे पळावे लागत नाही. उघड्यावर निर्धास्त पोहणारे दोन-चार शांत मासे सोबत सोडले, तर बुजरा मासाही त्यांना पाहून धीट होतो. पहिल्या टाकीत मासा उघडा पडला आहे. दुसऱ्या टाकीत तो बाहेर आला आहे. पाहुण्याच्या डोळ्यांना दोन्हीकडे मासा दिसतो, म्हणून आपली गल्लत होते. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंच्या अंतरात आहे. पोसणाऱ्याला पाहण्याचा हक्क नाही. आडोसा देण्याचे ऋण मात्र त्याच्यावर आहे. आणि ते फेडूनही मासा बाहेर न आला, तर त्याचा अपराध काहीही नाही.

पाहण्याची ही हौस काय करू शकते याचा दाखला अ‍ॅक्वेरियमच्या जन्मकथेतच आहे. समुद्रजीव घरात काचेच्या पेटीत ठेवण्याचा छंद इंग्लंडमध्ये १८५०च्या दशकात पसरला आणि तो पसरवण्यात फिलिप हेन्री गॉस यांचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ निसर्गशास्त्रज्ञ होते आणि प्लिमथ ब्रेदरन पंथाचे निष्ठावंत उपदेशकही. सृष्टीचे निरीक्षण म्हणजे निर्मात्याच्या हस्तकृतीचे दर्शन, अशी त्यांची धारणा होती. डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांच्या डबक्यांत दडलेले जीव त्यांनी इतक्या प्रेमाने वर्णिले, की १८५४ साली 'दि अ‍ॅक्वेरियम' हे त्यांचे पुस्तक निघाल्यावर हौशी संग्राहकांची रीघ किनाऱ्याकडे लागली. पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ साली 'फादर अँड सन' या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, की ती डबकी पुढे ओरबाडली गेली आणि आपल्याच पुस्तकांचा हा परिणाम पाहून वडिलांना फार क्लेश झाले. भक्तिभावाने पाहणाऱ्याच्या हातूनही असे घडू शकते, हे आपण विसरू नये.

आजचे चित्र फारसे निराळे नाही. १९६०च्या दशकात फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडण्यासाठी प्रवाळाच्या फटींत सायनाइड फवारण्याची पद्धत सुरू झाली. मासा गुंगून हाती लागतो. ज्या प्रवाळात तो लपला होता, ते प्रवाळ मरते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राच्या २००३च्या अहवालाने जगातील शोभेच्या सागरी माशांचा वार्षिक व्यापार दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला होता. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी शेततळ्यांत वाढवलेले असतात. सागरी मासे मात्र बहुतांशी समुद्रातून पकडून आणलेले. तेव्हा टाकीच्या कोपऱ्यात लपलेल्या माशाचा आसरा कदाचित एकदा आपल्यासारख्यांसाठीच मोडला गेलेला असतो. आपल्या देशात २००१ पासून खडक घडवणारी प्रवाळे आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते योग्यच झाले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांची हॅचरीत पैदास करून दाखवली आहे. ज्याला ठेवायचेच असतील त्याने असे मासे मागून घ्यावेत, दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. पाहिले नाही, तर आजार कळणार कसा? काळजी घेणे म्हणजे लक्ष ठेवणेच नव्हे काय? घरात तरुण मुले किंवा वृद्ध माणसे आहेत, त्यांना हा पेच नित्याचा आहे. मुलगा दार लावून बसतो, सासूबाई अलीकडे बाहेरच्या खोलीत येत नाहीत. दार उघडून पाहावे, तर विश्वास मोडतो. न पाहावे, तर दुखणे वाढते. याला सर्वांस लागू पडेल असे उत्तर मजजवळ नाही. परंतु लक्ष ठेवण्याच्या काही रीती अशा असतात, की ज्यांत समोरच्याला बिळातून ओढावे लागत नाही. मत्स्यपालक पाणी तपासतो, टाकलेले अन्न उरले की संपले ते पाहतो, रात्री लाल काचेचा टॉर्च दुरून धरतो. तांबडा प्रकाश प्रवाळमाशांना फारसा जाणवत नाही.

नवा मासा घरी आला, तर पहिला दिवस दिवा लावूच नये. मग तो थोडा थोडा वेळ लावावा. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून गडद कागद चिकटवावा. अन्न रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात टाकावे. आणि चौथ्या बाजूने पाहावयाचे असेल, तर खुर्ची थोडी मागे ओढून बसावे.