रिकाम्या देहाचे वजन

घरगुती गॅसच्या सिलिंडरवर, मानेजवळच्या लोखंडी पट्टीवर, एक आकडा लिहिलेला असतो. ते त्या टाकीचे रिकामे असतानाचे वजन. आत गॅस 14.2 किलो हवा. पण सगळ्या टाक्या सारख्या वजनाच्या नसतात, म्हणून प्रत्येकीचा आकडा वेगळा, आणि भरलेल्या वजनातून नेमका तोच वजा करायचा. वाणी सुटे तेल तोलून देताना आधी भांड्याचा धडा करतो आणि खोक्याचे वजन पेढ्यांत धरू नये असे वजनमापाचा कायदा सांगतो, ते याच हिशेबाने. हिशेब सोपा आहे, पण तो काही गोष्टी गृहीत धरून चालतो. भांडे रिकामे असताना वेगळे तोलता आले पाहिजे. भरताना किंवा उपसताना भांडे स्वतः घटता-वाढता कामा नये. शिवाय आत जे आहे त्याचे वजन त्या काट्यावर उमटले पाहिजे. यातले एक जरी सुटले, तरी वजाबाकी बिनचूक करूनही उत्तर चुकते. आत्म्याचा प्रश्न ज्यांनी काट्यावर सोडवायला घेतला, त्यांच्याकडे यातले काहीच नव्हते.

हा प्रयत्न फार जुना आहे. दीघनिकायातल्या पायासिसुत्तात आणि श्वेतांबर जैनांच्या राजप्रश्नीय सूत्रात जवळजवळ एकच कथा येते. परलोक न मानणारा एक राजा (बौद्धांचा पायासी, जैनांचा पएसी) केवळ वाद घालत बसत नाही. तो प्रयोग करतो. देहदंड झालेल्या चोराला जिवंतपणी तोलतो, कुठे जखम न करता मारवतो आणि पुन्हा तोलतो. जैन कथेत दोन्ही वजने सारखी भरतात. बौद्ध कथेत तर मेलेला माणूस अधिक जड निघतो. आतून काही गेले असते तर वजन घटले असते. ते घटले नाही, म्हणून जाणारे कोणी नव्हतेच, असा त्याचा निष्कर्ष. प्रयोग क्रूर आहे, यात शंका नाही. पण ग्रंथातले वचन पुरावा म्हणून न स्वीकारता तराजू मागवणारा हा माणूस आपल्या परंपरेत जितका लक्षात राहायला हवा होता, तितका राहिलेला नाही.

विसाव्या शतकात हाच प्रयोग उलट्या हेतूने झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेवरिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरांनी मरणोन्मुख रुग्णांचे पलंग काट्यावर ठेवले आणि 1907 साली आपले आकडे छापले. पहिल्या रुग्णाचे वजन मृत्यूच्या वेळी पाऊण औंस, म्हणजे सुमारे 21 ग्रॅम, घटले. हा आकडा पुढे जगभर गाजला. एकूण रुग्ण मात्र सहाच होते. त्यांतले दोन त्यांनी स्वतःच बाद धरले आणि उरलेल्या चौघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांनी तोललेल्या 15 कुत्र्यांचे वजन मरताना मुळीच घटले नाही, म्हणजे या हिशेबाने कुत्र्याला आत्माच नाही. कुत्र्याने पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांच्या मुलखात हा निकाल कोणाला पटेल? खरी अडचण वेगळीच आहे. देह म्हणजे सीलबंद टाकी नव्हे. त्यातून घामावाटे आणि श्वासावाटे पाणी सतत जात असते, आणि मृत्यूबरोबर हा क्रम बदलतो. मॅकडूगलना याची जाणीव होती. त्यांनी बाष्पाचा अंदाजही घेतला होता. पण भांडेच घटत असताना आतला माल किती गेला, हे काटा सांगू शकत नाही. जिवंत माणसाचा ‘रिकामा देह’ आधी तोलून ठेवण्याची सोय तर कोणाकडेच नाही.

मग काट्यावर काहीच फरक पडला नाही, तर पएसीचे म्हणणे खरे मानायचे का? जैन कथेतल्या केशी श्रमणाने त्याला विचारले: चामड्याची पिशवी रिकामी असताना तोल आणि वाऱ्याने भरून तोल, फरक पडतो का? नाही पडत. म्हणून आत वारा नव्हता असे म्हणशील का? हे उत्तर केशीला वाटले असेल त्याहूनही पक्के आहे. वाऱ्याला वजन असते. एक लिटर हवा साधारण 1.2 ग्रॅम भरते. पण फुगलेली पिशवी बाजूला सारते ती हवाही जवळपास तेवढ्याच वजनाची असते आणि तिच्या उचलीने आतले वजन झाकले जाते. म्हणजे काट्यावरचे शून्य हा आतल्या वस्तूच्या अभावाचा पुरावा होत नाही. अनेकदा तो काट्याच्या मर्यादेचा पुरावा असतो. मॅकडूगलही पलंगावर पडून जोरजोराने श्वास घेऊन-सोडून पाहत होते आणि काटा हलत नव्हता. केशीची पिशवी त्यांच्याच छातीत होती.

यावर चार्वाकाच्या बाजूने एक रास्त हरकत येते. वारा निदान दुसऱ्या रीतीने सापडला. गॅलिलिओने हवा दाबून भरली आणि तिचे वजन दाखवले. आत्मा मात्र काट्यावर नाही, डोळ्यांना नाही, कुठेच नाही. मग ही पळवाट नव्हे काय? हरकत मला मान्य आहे. केशीच्या उत्तराने पएसीचा निष्कर्ष तेवढा मोडतो. आत्मा सिद्ध होत नाही. पुरावा देण्याचे ओझे मानणाऱ्याच्याच माथी राहते. पण त्या ओझ्यातून सुटण्यासाठी देहाला भांडे आणि आत्म्याला माल मानण्याची गरज नव्हती, आणि मोठ्या दर्शनांनी तसे सरसकट मानलेलेही नाही. जैनांचा जीव देहभर व्यापलेला, पण अरूपी, म्हणून तोलण्याच्या कक्षेबाहेरचा. गौडपादांच्या कारिकांत घटातले आकाश येते: घट फुटल्यावर त्यातून बाहेर जाणारे काही नसते, मग वजा काय करणार? बौद्धांना तर स्थिर आत्माच मान्य नाही. तरीही पायासीला उत्तर देणारा कुमार कस्सप परलोकाची बाजू लढवतो, ते मालाची कल्पना न स्वीकारताच. भांडे-माल ही कल्पना लोकांच्या बोलण्यातली आहे आणि पायासी व मॅकडूगल या दोघांनी ती तपासल्याशिवाय उचलली. एकाला नास्तिक्य सिद्ध करायचे होते, दुसऱ्याला आस्तिक्य. चूक दोघांची एकच.

21 ग्रॅमचा आकडा आजही प्रवचनांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत ‘विज्ञानाने सिद्ध केले’ या शिक्क्यासह फिरतो. सांगणाऱ्याला थांबवून दोन गोष्टी विचाराव्यात: रुग्ण किती होते, आणि काटा किती बारीक होता. पहिल्याचे उत्तर सहा. दुसऱ्याचे, खुद्द मॅकडूगलच्याच सांगण्याप्रमाणे, औंसाचा पाचवा भाग, म्हणजे साडेपाच-सहा ग्रॅम.