पानं किती द्यायची

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर जरा वाकून बघावं. शीट असेल तर ती जागची हलणार नाही. अळी असेल तर थोड्या वेळाने पानाची कड कुरतडायला लागेल. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी अशीच काळपट-पांढरी, ओलसर दिसते, म्हणजे पक्ष्यांनी तिच्याकडे ढुंकूनही बघू नये. मोठी झाली की हिरवीगार होते, पानात मिसळून जाते, आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. कुंडीतलं हातभर उंचीचं रोप अशा पाच-सहा अळ्या बघता बघता बोडकं करून टाकतात. पुढे याच अळ्यांची काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची फुलपाखरं झाली की आपण मुलांना हाका मारून ती दाखवतो.

साताऱ्याच्या आमच्या घरामागे कढीपत्त्याचं एक जुनं झाड आहे, पार कौलांच्या वर गेलेलं. लिंबू, बेल आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यामुळे या अळीला तिन्ही चालतात. कुंडीतल्या रोपावर अळी दिसली की मी ती पानासकट खुडते आणि कढीपत्त्यावर सोडून देते. तिथे तिने किती खाल्लं ते झाडाच्या लक्षातही येत नाही, आमच्या आमटीच्याही नाही. बऱ्याचशा अळ्या शिंपी आणि बुलबुल उचलतात. पण मला यात गंमत वाटते ती वेगळीच. तीच अळी कुंडीत कीड असते आणि पाच पावलांवर गेली की नुसती अळी असते. मधल्या पाच पावलांत तिच्यात काहीच बदललेलं नसतं.

शेतीशास्त्रात या गोष्टीचं रीतसर गणित आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी लसूणघासावरच्या माव्याच्या निमित्ताने ते मांडलं. कीड दिसली म्हणून फवारायचं नाही. ती जे खाणार त्याची किंमत फवारणीच्या खर्चाच्या वर जायची लक्षणं दिसली, की मग हात उचलायचा. आपल्याकडे याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात आणि गावोगावच्या कृषी सहायकांच्या तोंडी हे शब्द असतात. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले तर फवारा, असा हिशेब असतो. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनची पानं अळ्यांनी फस्त केली, त्यानंतर कृषी विभागाने क्रॉपसॅप नावाने शेतात जाऊन किडी मोजण्याचं काम सुरू केलं. म्हणजे मारण्याआधी मोजायचं, हे आता शेतकऱ्याला नवीन नाही.

घरच्या बागेत हे गणित लागू पडत नाही, कारण तिथे विकायचं काहीच नसतं. चार वांग्यांच्या झाडांवर खत, पाणी, माती आणि कंबरदुखी यांचा खर्च धरला तर ते वांगं मंडईतल्या वांग्याच्या कितीतरी पट महाग पडतं. जास्वंदीच्या फुलाला तर भावच नाही. मग पातळी ठरवायची कशावर? माझं निरीक्षण असं, की ती बागेच्या मालकाच्या स्वभावावर ठरते. काही जणांना पानाला एक भोक पडलेलं चालत नाही. पाहुणे येणार असले तर तेवढंही नाही. बाजारातल्या डागाशिवायच्या, एका मापाच्या भाजीने आपली नजर अशी बिघडवून ठेवली आहे, की घरचा टोमॅटो जरा वाकडा आला तरी रोग पडला असं वाटतं. ती भाजी तशी दिसावी म्हणून तिच्यावर काय काय मारलेलं असतं, ते सोयीस्करपणे विसरून आपण आपल्या कुंडीकडे रागाने बघतो.

सोसण्यामागे मन मोठं असण्याचा प्रश्न नाही, त्यामागे एक यंत्रणा आहे. ती बघायला जास्वंद सगळ्यांत चांगली. पावसाळा सरता सरता तिच्या कळ्यांच्या देठांशी मावा धरतो. या दिवसांत माव्याच्या माद्यांना नराची गरज नसते, अंडी घालण्यातही त्या वेळ घालवत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि आठ-दहा दिवसांत त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. त्यामुळे परवा स्वच्छ असलेला शेंडा आज काळा-हिरवा लडबडलेला दिसतो. पानांवर चिकटा पडतो, चिकट्यावर काळी बुरशी चढते, मुंग्यांची रांग लागते. याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. नर्सरीतला माणूस तयारच असतो. “मावा ना? हे न्या मॅडम. लिटरला झाकणाचा तळ भिजेल एवढंच टाका, झाड साफ.”

झाड साफ होतं यात शंका नाही. पण मावा जमल्यावर त्याला खाणारे यायला थोडा वेळ लागतो, आणि ते येतात ते मावा असतो म्हणूनच. ठिपक्यांचा लाल ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो. त्याची अळी मात्र काळी, काटेरी, इवल्या सुसरीसारखी असते, आणि तिलाच कीड समजून चिरडणारी भली माणसं मी पाहिली आहेत. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माशीची बिनपायांची अळी दिसते अगदी मठ्ठ, पण एकेक मावा तोंडात धरून शोषते. बारीक डोळ्यांनी बघितलं तर घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, कोरडे दिसतात. त्यांच्या आत गांधीलमाशीच्या एका सूक्ष्म जातीचं पिल्लू वाढत असतं; ते पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडतं. अशी भोकं दिसायला लागली की मी बाटली खाली ठेवते. त्याआधी फार झालं तर पाइपाचा जोराचा फवारा शेंड्यावर मारते आणि खोडाला ग्रीस लावलेली चिंधी बांधते, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. मुंग्यांना चिकटा हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. त्यांचा पहारा उठवला की उरलेलं काम बरंचसं आपोआप होतं.

विष मारलं की मावाही मरतो आणि हे सगळेही मरतात. मावा आठवड्यात परत येतो. त्याला खाणारे तितक्या लवकर येत नाहीत, कारण त्यांची वाढ सावकाश आणि पोट माव्यावर. म्हणून दुसरा हल्ला पहिल्यापेक्षा मोठा होतो, आणि लोक म्हणतात औषध कमी पडलं. कधी कधी मावा जातो आणि त्या जागी लाल कोळी येतो, कारण कोळ्याला खाणारेही त्याच फवाऱ्यात गेलेले असतात. हे नुसतं कुंड्यांपुरतं नाही. इंडोनेशियात भातावरचा तपकिरी तुडतुडा फवारण्या वाढल्या तसा वाढतच गेला, तेव्हा १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. एखाद्या देशाने विष कमी करून कीड आटोक्यात आणायचं धाडस केलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

जाता जाता घरगुती उपायांबद्दल. निंबोळी अर्क मीही वापरते. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड फडक्यात बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी पिळून, गाळून, चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी मारायची. त्याने कीड पटकन मरत नाही. खाणं सोडते, तिची वाढ खुंटते. काकडीच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे आले तर सकाळच्या दवात चुलीची राख भुरभुरावी. हे आजेसासूबाईंचं, आणि त्याला मी अजून पर्याय शोधलेला नाही. पण तंबाखूचं पाणी सरसकट सुचवलं जातं, ते मला पटत नाही. निकोटिन हे जहाल विष आहे, ते पानातून आलं म्हणून सौम्य होत नाही. शिवाय तंबाखूतून मोझॅकचा विषाणू टोमॅटोवर जाऊ शकतो तो वेगळाच. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा तर कुठलंच पाणी उपयोगाचं नाही. अळी आत असते. शेंडा भोकाच्या खालून कापायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा, संपलं.

आता एवढं सोसण्याचं गुणगान केल्यावर सांगायला हवं, की सोसणं सगळीकडे चालत नाही. ज्या किडीला खाणारा आपल्या मातीत आहे, तिथेच थांबण्यात अर्थ असतो. पपईवरचा पांढरा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो २००८ मध्ये कोइम्बतूरला पहिल्यांदा सापडला, आणि मग तुती, जास्वंद, टॅपिओका, जे सापडेल त्यावर पसरला. महाराष्ट्रातल्या पपयाही त्यातून सुटल्या नाहीत. अंगावर मेणाचा थर असल्यामुळे फवारा त्याला नीट लागतच नव्हता. खाणारे आपसूक येतील म्हणून वाट बघितली असती तर बागा गेल्या असत्या. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून गांधीलमाश्यांच्या तीन जाती बंगळूरला आणल्या, तिथे वाढवल्या आणि सोडल्या. त्यांतली असेरोफॅगस पपायी सर्वांत कामाची ठरली. मिलिमीटरभरही नसलेल्या त्या माशीने एवढं मोठं संकट आटोक्यात आणलं. तिला माणसाने मुद्दाम विमानातून आणावं लागलं, हे मात्र विसरून चालत नाही.

शंखी गोगलगायीचं तसंच. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली, असा इतिहास आहे. २०२२ च्या पावसाळ्यात तिने लातूर, बीड, उस्मानाबादकडचं उगवतं सोयाबीन खाल्लं, काहींना दुबार पेरणी करावी लागली. तिच्या बाबतीत माझ्याकडे दयामाया नाही. संध्याकाळी ओलं पोतं पसरायचं, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. काम ओंगळ आहे. पण झेंडूची रोपं एका रात्रीत देठांपर्यंत गेलेली बघितली की हात कचरत नाही.

उरली फळमाशी, आणि तिच्यापुढे मात्र एकट्याची बाग ही कल्पनाच कोलमडते. मादी पेरूच्या सालीखाली अंडी घालते. वरून टोचल्याएवढा डाग, आत वळवळ. फळ गळतं, अळी त्यातून निघून जमिनीत शिरते, कोष करते, आणि नवी माशी वर येते. पावसाळी पेरूचे तर विचारूच नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यासाठी रक्षक नावाचा सापळा तयार केला, त्यात मिथाइल युजेनॉलच्या वासाने माश्या येतात. तुळशीत हेच द्रव्य असतं, म्हणून तुळशीचा पाला चुरडून ठेवला तरी थोड्याफार येतातच. पण या वासाला येतात ते नर. आजूबाजूच्या सगळ्या आवारांत सापळे लागले तर माद्यांना नर मिळेनासे होतात आणि उपयोग होतो. एकाच आवारात लावला तर पलीकडून मीलन होऊन आलेली मादी अंडी घालून जाते. खरा उपाय कंटाळवाणा आहे. पडलेलं प्रत्येक फळ रोज उचलायचं, आणि जाड पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं किंवा खोल पुरायचं.

आमच्या भिंतीपलीकडचं घर कुलूपबंद असतं, मालक मुलाकडे बेंगळुरूला राहतात. त्यांच्या आवारातल्या पेरूखाली पावसाळाभर सडा पडलेला असे. शेवटी मी त्यांना फोन केला. “अहो वहिनी, घ्या की हवे तेवढे, विचारता काय!” ते म्हणाले. मला चांगले नकोत, सडलेले हवेत, हे त्यांना समजावून सांगताना बरीच कसरत झाली. पण फाटकाची किल्ली कुठे असते ते त्यांनी सांगितलं. आता दोन्ही आवारांतली पडकी फळं मी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मिळून उचलतो, आणि भाद्रपदातले काही पेरू तरी न चिरता, सरळ दाताने तोडून खाता येतात. कोपऱ्यावरचे काका मात्र काही ऐकत नाहीत. त्यांनी एकच सापळा लावला आहे, खाली पेरू कुजतात ते तसेच, आणि सापळ्यात रोज मूठभर माश्या सापडतात म्हणून ते भलतेच खूश आहेत.