खालचा सूर

अंधेरीला आमच्या भिंतीपलीकडे एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ राहत. डिसेंबर उजाडला, की दिवेलागणीनंतर ते पेटीवर सूर धरून गाण्याचा सराव करीत. गाणे कसले! खर्जातले चार-पाच सूर, तेही पुन्हा पुन्हा. “बिचाऱ्यांच्या वाट्याला चाल म्हणून आलीच नाही,” असे आम्ही घरात म्हणत असू.

एका नाताळला त्यांनी मला आग्रहाने फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये नेले. १७१८ च्या नाताळात उघडलेले हे अँग्लिकन प्रार्थनामंदिर १८३७ साली कॅथीड्रल झाले. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. जुन्या कोटाच्या ज्या दरवाजातून तिकडे वाट जाई, त्याचे नाव आपण रोज लोकलवर वाचतो : चर्चगेट.

ऑर्गन सुरू झाला. त्याच्या नळ्यांचा हिशेब मौजेचा आहे. नळी दुप्पट लांब केली, की सूर एक सप्तक खाली उतरतो. म्हणजे खालच्या सुरालाच मोठी नळी लागते! मग सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस असे चार गट एकदम गाऊ लागले. आपल्या भजनात सारे टाळकरी एकच चाल उचलतात. इथे चौघांच्या वाटा चार, आणि तरी गाणे एकच. शेजाऱ्यांचे ते कंटाळवाणे सूर तळाशी पसरले होते आणि सारी चाल त्यांवर निर्धास्त उभी होती. मी ओशाळलो.

परतताना गाडीत म्हणालो, “तुमच्यावाचून ते गाणे उभे राहिले नसते.”

ते हसले. “असेल. पण मास्तरांनी आधी माझा गळा पाहिला आणि मग विचारले, ‘हा भाग घ्याल का?’ मी हो म्हटले, म्हणून तो माझा.”

हे वाक्य मनातून जाईना. खालचा सूर हवाच, असे आपण सहज म्हणतो. पण बहुधा चाल ज्यांच्या वाट्याला आली तेच ते म्हणतात. आईने चाळीस दिवाळ्या चुलीपुढे काढल्या. तिच्यावाचून सण उभा राहिला नसता, हे आम्ही कौतुकाने बोललो. तिला विचारले मात्र कधीच नाही. एखाद्याची गरज असणे आणि त्याला ते मान्य असणे, या दोन गोष्टी वेगळ्या. कौतुकाने ती उणीव भरून निघत नाही.

आईला विचारण्याची वेळ निघून गेली. यंदा पत्नीला विचारले. ती क्षणभर पाहत राहिली, मग म्हणाली, “अहो, चकल्या तुम्ही पाडा.”

पाडल्या. निम्म्या तुटल्या. ती मात्र बाहेर बसून, कितीतरी वर्षांनी, गुणगुणत होती.