हिशेब देणारी श्रद्धा

उरणजवळच्या द्रोणागिरी किल्ल्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्याच वर्षी, म्हणजे १७३९ मध्ये, मानाजी आंग्र्यांनी हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. तोफांच्या संरक्षणात उभी राहिलेली वास्तू तोफा गेल्यावर ओस पडली. उत्तर कोकणातला ख्रिस्ती समाज मात्र टिकला. सत्तेचा आधार नव्हता, धर्म धरून ठेवण्यात ऐहिक लाभही नव्हता, तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसे उपासनेला जमत राहिली. श्रद्धा आणि तिच्याभोवतीचा डोलारा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्वच्छ दिसते. त्याच डोंगराचे नाव घेऊन सिडकोने पायथ्याशी जो द्रोणागिरी नोड वसवला, तिथे आज हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेची आणि ती सांभाळणाऱ्या पाळकाची ओळख कशावरून पटवायची? माझे म्हणणे असे की वक्तृत्व, गर्दी किंवा चमत्काराच्या साक्षी यांवरून ती पटत नाही. आपल्या शब्दांचा, हाती आलेल्या पैशाचा आणि सोपवलेल्या माणसांचा हिशेब द्यायला जो पाळक स्वतःहून तयार असतो, त्याची श्रद्धा खरी मानावी. बाकीचे गुण असतील तर उत्तमच. पण हा नसेल तर त्या गुणांचाच धोका होतो.

हा प्रश्न द्रोणागिरीसारख्या ठिकाणी अधिक तीव्र होतो, त्याला कारण आहे. वसईतल्या किंवा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जुन्या गावात पाळक येतो तेव्हा मंडळी आधीपासून असते. आजोबांचा बाप्तिस्मा कुठे झाला, पंच कोण, वहीखाते कुणाकडे, कबरस्तानाची किल्ली कुठे, हे सगळे ठरलेले असते. पाळक चुकला तर सांगणारी वडीलधारी माणसे असतात आणि वर बिशप किंवा सिनड असते. द्रोणागिरीत मात्र तसे नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्याच्या आजूबाजूला कंटेनर यार्ड आणि गोदामे आली, जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि अटल सेतू खुला झाला. अशा ठिकाणी माणसे केरळातून, आंध्रातून, मराठवाड्यातून, विदर्भातून येतात. शेजारी कोण राहतो हेही नीट माहीत नसते. नव्या वसाहतीत मंडळी अनेकदा एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये किंवा भाड्याच्या गाळ्यात सुरू होते आणि ती सुरू करणारा पाळकच तिचा संस्थापक, खजिनदार आणि अंतिम शब्द होऊन बसतो. यात त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. परंतु ज्याला कुणी प्रश्न विचारत नाही, त्याने स्वतःलाच प्रश्न विचारणारी माणसे उभी केली पाहिजेत. जुन्या गावात जे परंपरा करून घेते, ते इथे श्रद्धेला करावे लागते.

बायबलची या बाबतीतली भूमिका संदिग्ध नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांवर जो आरोप आहे तो चुकीच्या शिकवणीचा नाही. कळपावर आपलेच पोट भरल्याचा, दुबळ्याला बळ न दिल्याचा आणि हरवलेल्याला न शोधल्याचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात चांगला मेंढपाळ आणि भाडोत्री मजूर यांतला फरक लांडगा आल्यावरच कळतो; तोवर दोघे सारखेच दिसतात. पौलाने तीमथ्याला लिहिताना अध्यक्षाची जी लक्षणे सांगितली त्यांत शिकवण्याची हातोटी एकच. बाकी संयम, आदरातिथ्य, द्रव्यलोभ नसणे, घर नीट चालवणे आणि बाहेरच्या लोकांतही चांगले नाव असणे अशी रोजच्या वागण्यातली आहेत. पेत्र वडिलांना बजावतो की कळपावर धनीपण गाजवू नका. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर पुढाऱ्यांना आपल्या हाती सोपवलेल्या जिवांचा हिशेब द्यायचा आहे, असेच म्हटले आहे. म्हणजे पाळकपण हा मान मिळण्याआधी दिलेला जबाब आहे. ज्याला देवापुढे हिशेब द्यायचा आहे यावर खरोखर विश्वास आहे, त्याला पंचांपुढे वही उघडायला जड जाऊ नये.

हे काम प्रत्यक्षात कसे असते ते जवळून पाहिले की त्याचे ओझे कळते. बंदरावर रविवार वेगळा नसतो. जहाज लागले की क्रेन चालते आणि ट्रेलर रांगेत उभे राहतात. ज्याची पाळी रात्रीची आहे तो सकाळच्या उपासनेला डोळे मिटत बसतो, आणि ट्रेलरचालक असेल तर महिन्यातले कित्येक रविवार रस्त्यावरच जातात. अशा माणसाच्या घरी पाळकाने जायचे तर त्याची पाळी कधी सुटते ते लक्षात ठेवावे लागते. घरभेटीत काय असते? कर्ज असते, दारू असते, नवऱ्याने हात उगारलेला असतो, मुलीचे शिक्षण थांबलेले असते, आणि बहुतेक वेळा ही गोष्ट बोलता बोलता, उठायच्या वेळी, दारात उभे राहून सांगितली जाते. ऐकलेले पोटात ठेवायचे, रविवारच्या उपदेशात त्याचा दाखला द्यायचा नाही, पण बाईच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेच्या नावाखाली गप्पही बसायचे नाही. मध्यरात्री रुग्णालयातून फोन येतो. परगावी आलेल्या कुटुंबात मृत्यू झाला तर दफन कुठे, कागद कोणते, गाडी कोण सांगणार, हे प्रार्थनेच्या आधी सोडवावे लागते. रिचर्ड बॅक्स्टर या इंग्रज पाळकाने १६५६ मध्ये पाळकांसाठी ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचा सारा भर घराघराला वेळ देण्यावर होता. तो आणि त्याचा सहकारी सोमवार-मंगळवार एकेका कुटुंबाला शिकवण्यात घालवीत. व्यासपीठावर काय सांगितले ते घरात शिरले की नाही, हे तिथेच समजते, असा त्याचा अनुभव होता. साडेतीनशे वर्षांनंतरही याला पर्याय सापडलेला नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात अशा हिशेब देणाऱ्या श्रद्धेचे पुरावे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. कवी म्हणून नाव होते, मिशनची नोकरी होती. १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही तिथे जागा होती. परक्या पैशावर उभी असलेली मंडळी स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या भाषेत उभी राहावी, ही त्यांची तळमळ होती. पंडिता रमाबाईंकडे पाळकपदाची दीक्षा नव्हती, पण पाळकाचे काम त्यांनी केडगावला केले. दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा त्यांनी मुक्तिसदनात आणल्या. १९०५ मध्ये तिथे मोठे आध्यात्मिक संजीवन झाले, त्याची वार्ता जगभर गेली. त्या उत्साहाच्या भरातही शेती, विणकाम, छापखाना आणि शिक्षण थांबले नाही, आणि मूळ हिब्रू-ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे त्यांचे काम मृत्यूपर्यंत चालू राहिले. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर पुढे प्रसिद्ध झाले. प्रार्थनेची उंची आणि दैनंदिन जबाबदारीची शिस्त एकाच ठिकाणी कशी नांदू शकते, याचा याहून ठळक दाखला मराठीत मला दिसत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. टिळकांच्या त्यागाची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली की उत्तर मिळते. हातात आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होणाऱ्या नवऱ्याच्या घरात चूल पेटती ठेवणे ही दुसऱ्याच व्यक्तीची तपश्चर्या होती. तेव्हा पाळकाकडून अमर्याद त्यागाची अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याच्या बायकामुलांकडून न विचारता त्याग घेणे होय. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो बळकटीच देतो. हिशेब एकतर्फी नसतो. कामगार आपल्या मजुरीला पात्र आहे, हे नव्या करारातच आहे. पौलाने तंबू शिवून पोट भरले तो त्याने स्वतःहून सोडलेला हक्क होता, मंडळीने लादलेला नियम नव्हता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला कामे वाटून द्यायला लावली. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीने विधवांच्या अन्नवाटपासाठी सात जण निवडले. पाळकाला वेळेवर पुरेसा पगार, आठवड्यात एक मोकळा दिवस आणि पैशाच्या व्यवहारासाठी दुसरी माणसे देणे हे मंडळीचे धर्मकर्तव्य आहे. जी मंडळी हे करत नाही आणि पाळकाने मात्र संत व्हावे असे म्हणते, तिला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कृपा देवाची, मग पाळक कसा का असेना, काय बिघडते? चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातवादी पंथाने म्हटले की अपात्र धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा खोटा. संत ऑगस्टिन याविरुद्ध उभे राहिले: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. हे योग्यच होते, नाहीतर प्रत्येक साध्या भाविकाला आपल्या पाळकाच्या मनात डोकावून स्वतःच्या तारणाची खात्री करावी लागली असती. परंतु हा दिलासा लोकांसाठी आहे, पाळकाला दिलेली सूट नव्हे. त्याच ऑगस्टिननी यहेज्केलच्या त्या अध्यायावर बोलताना कळपावर जगणाऱ्या मेंढपाळांना अतिशय कठोर शब्दांत सुनावले आहे. देव वाकड्या हातूनही देतो, म्हणून हात वाकडा ठेवावा असे होत नाही.

तिसरे म्हणणे आज सर्वांत जास्त ऐकू येते: गर्दी पाहा, बरे झालेले लोक पाहा, फळ दिसतेच आहे. देव बरे करतो यावर ख्रिस्ती माणसाचा विश्वास असतो, आणि असावा. पण डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी येशूनेच बजावले आहे की त्याच्या नावाने अद्भुते केल्याचे सांगणाऱ्या अनेकांना तो ओळखही देणार नाही. संख्येने श्रद्धा सिद्ध होत नाही, तशी कमी संख्येनेही होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. एवढ्या लहान समाजात एका पाळकाने औषध सोडायला सांगितले किंवा आजाऱ्याच्या भीतीवर दान उकळले, तर त्याची झळ सर्वांना बसते. ज्याला प्रार्थनेवर खरा भरवसा आहे तो डॉक्टरांचा कागद पाहायला घाबरत नाही, आणि बरे न झालेल्या माणसाच्या घरी जायचेही टाळत नाही.

राहता राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. पौलाने बाहेरच्यांतल्या चांगल्या नावाची अट उगाच घातलेली नाही. द्रोणागिरी ज्या जमिनीवर वसले ती आगरी-कोळी शेतकऱ्यांची. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात उरणचे पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. इथे येणाऱ्या पाळकाला हा इतिहास माहीत नसेल, तर तो केवळ आपल्या सभासदांचा पाळक आहे, गावाचा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वसईत हे वेगळे करून दाखवले. हिरवी वसई वाचवण्याच्या चळवळीत ते सगळ्या धर्मांच्या लोकांबरोबर उभे राहिले, ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी मराठी वाचकांचे केले, ‘सुबोध बायबल’ लिहिले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा विरोध झालाच. पण त्यांच्या बाजूने बोलायला मराठी माणसे पुढे आली, कारण त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा ताळेबंद सर्वांसमोर होता. मदत केली ती धर्म बदलण्याच्या अटीवर, असा संशय आज पाळकावर सहज घेतला जातो. त्याला घोषणांनी उत्तर देता येत नाही. धान्य, शिकवणी, औषध हे कोणतीही अट न घालता, उघडपणे आणि नोंद ठेवून द्यावे. प्रार्थना हवी असणाऱ्याने मागावी. देणगी आणि सुवार्ता यांचा सौदा झाला की दोन्हींचे मोल जाते, आणि हे सर्वांत आधी श्रद्धेलाच कळायला हवे.

म्हणून द्रोणागिरीत किंवा अशा कुठल्याही नव्या वस्तीत मंडळी उभारणाऱ्याने इमारतीच्या आधी पंच निवडावेत, त्यांत आपल्याशी असहमत होऊ शकेल असा निदान एक असावा आणि स्त्रियाही असाव्यात. दानाचा हिशेब दर वर्षी तपासून सर्वांपुढे वाचावा. पाळकाविरुद्ध तक्रार असेल तर ती पाळकाकडेच न्यावी लागू नये. हे व्यवस्थापनाचे नियम वाटतील, पण त्यांच्या मुळाशी एक विश्वास आहे: मंडळी ख्रिस्ताची आहे, माझी नाही. तोंडाने हे प्रत्येक पाळक म्हणतो. कृतीने म्हणणाऱ्यालाच लोकांनी आपले दुःख, आपली मुले आणि आपला शेवटचा दिवस विश्वासाने सोपवावा; आणि अशा माणसाला, तो थकलेला दिसला तर, मंडळीने न सांगता सावरून धरावे.