खंदकातल्या शेजाऱ्याचा हक्क

लष्करात अधिकारी होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला वैद्यकीय तपासणीच्या वेळी एक अर्ज भरावा लागतो. त्यात त्याच्या आजवरच्या आयुष्याची चौकशी असते. दमा, क्षय किंवा कावीळ झाली होती का? कानातून पाणी येत होतं का? नाकातून रक्त, गाडी लागणं, रातांधळेपणा? फिट किंवा चक्कर येऊन पडणं, डोक्याला जबर मार, मानसिक आजार? घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, मनाचा विकार? खाली सही. शिपाई म्हणून भरतीला आलेल्या पोरालाही डॉक्टर थोड्याफार फरकाने हेच विचारतात. आणि सातारा, सांगली, बुलढाणा, बीड, कुठल्याही जिल्ह्यातल्या भरतीच्या पोराला या प्रश्नांचं उत्तर आधीच पढवलेलं असतं. सगळ्याला ‘नाही’ म्हणायचं.

हे पढवणारे लोक त्याचे वैरी नसतात. अकॅडमीतला सर असतो, सुट्टीवर आलेला चुलतभाऊ असतो, कधी आईसुद्धा. त्यांनी त्या पोराला पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळताना पाहिलेलं असतं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आसपास संपवण्यासाठी त्याने दोन-दोन वर्षं घातलेली असतात. लेखी परीक्षा झाली, मैदान निघालं, पुलअप्स झाले, आणि आता सातवीत असताना आलेल्या दोन फिट्ससाठी सगळं सोडायचं? या प्रश्नामागची तगमग मला खोटी वाटत नाही. तरीही तो ‘नाही’ चुकीचाच आहे, असं माझं मत आहे. फक्त त्या चुकीचा भार एकट्या पोराच्या माथी मारून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही.

आधी तपासणीचं स्वरूप पाहू. भरतीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या नजरेला पडतं ते शरीराच्या वरवरचं. सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, वाकडा कोपर, नाकाचं वाकडं हाड, मूळव्याध, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, रंगांधळेपणा, हातावर गोंदलेलं नाव. हे लपवता येत नाही, म्हणून पोरं त्यातच ‘उडतात’. मग ठरलेल्या मुदतीत लष्करी रुग्णालयात फेरतपासणी, कधी शस्त्रक्रिया आणि पुन्हा प्रयत्न. पण अपस्मार, दमा, नैराश्य, आधी घडलेला आत्महत्येचा प्रयत्न यांचं त्या सकाळी अंगावर काहीच चिन्ह नसतं. रक्तदाब नेमका, छातीचा एक्स-रे स्वच्छ, नाडी नियमित. ते कळण्याचा एकच मार्ग असतो, उमेदवाराने ते स्वतःहून सांगणं. म्हणजे जे निरुपद्रवी आहे ते डॉक्टरला दिसतं आणि जे जीव घेऊ शकतं ते सर्वस्वी समोरच्या पोराच्या जिभेवर असतं. खोटं बोलायला वाव नेमका तिथेच आहे जिथे खोटं सर्वांत महाग पडतं.

महाग कसं, ते अपस्माराच्या उदाहरणाने समजेल. गोळ्यांवर फिट आटोक्यात असलेला माणूस शेती करतो, संसार करतो, दुकान चालवतो. पण मेडिकलला पकडले जाऊ नये म्हणून जो गोळ्या एकदम बंद करतो, त्याला झटके उलटून येण्याचा धोका असतो, कधी लागोपाठ न थांबणारे. त्यात जागरण हे फिट येण्याचं जुनं, ठाऊक असलेलं कारण. प्रशिक्षण केंद्रातली रात्रपाळी, मग सीमेवरचा पहारा, हातात भरलेली रायफल, आणि शेजारी असा जोडीदार ज्याला या आजाराबद्दल काहीच माहीत नाही. लष्करात दोघांची जोडी असते. एकाने झोपायचं, दुसऱ्याने जागायचं. झोपणारा ज्या भरवशावर डोळे मिटतो, तो भरवसा भरतीच्या दिवशी कुणीतरी अर्जावर लिहून दिलेला असतो.

उंचीचं तेच. सियाचीनसारख्या ठिकाणी जवानाला थेट वर नेत नाहीत. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याहून वर आणखी चार, अशा टप्प्यांनी शरीर विरळ हवेला सरावतं. हे दिवस निरोगी माणसाचा हिशेब धरून ठरवलेले आहेत. फुप्फुसांत पाणी भरण्याचा आजार ज्याला एकदा उंचीवर झाला, त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. कोरड्या थंड हवेत श्रम केले की दमा उफाळतो. अशा माणसाला वाचवायला हेलिकॉप्टर मागवावं लागतं, ते हवामान निवळत नाही तोवर येत नाही, आणि स्ट्रेचर उचलायला चौघे लागतात. ते चौघे त्या खोट्या उत्तरात कधीच सामील नव्हते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९५० च्या लष्कर अधिनियमाचं कलम ४४ सांगतं की नावनोंदणीच्या विहित अर्जातल्या प्रश्नाला कुणी जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं, तर लष्करी न्यायालय त्याला पाच वर्षांपर्यंत कैद देऊ शकतं. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा मला दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती भरतीच्या पोरांना कुणीच सांगत नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांत एक उदार गृहीतक होतं. सेवेत घेताना ज्या आजाराची नोंद झाली नाही, तो नंतर निघाला तर तो सर्वसाधारणपणे सेवेतच उद्भवला असं धरायचं. तसं नाही हे दाखवायचं ओझं जवानावर नाही, सरकारवर. धरमवीर सिंग हे १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झालेले शिपाई. नऊ-एक वर्षांच्या सेवेनंतर झटक्यांच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठवलं गेलं आणि हा आजार मूळ प्रकृतीतला आहे म्हणून पेन्शन नाकारलं गेलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी तुम्ही या माणसाला ठणठणीत म्हणून घेतलंत, आता कारणं न देता तो आधीपासूनच आजारी होता असं म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. त्या आधारावर पुढे कितीतरी जवानांना न्याय मिळाला.

हे गृहीतक म्हणजे लष्कर आणि जवान यांच्यातला विश्वासाचा करार आहे. तू खरं सांगितलंस असं आम्ही धरतो, म्हणून तुझ्या शरीराची जबाबदारी आम्ही घेतो. जो पोरगा फिट लपवून आत जातो, तो सरकारला फसवतो त्यापेक्षा जास्त त्या प्रामाणिक जवानाला फसवतो ज्याला खरोखरच सेवेच्या ताणामुळे आजार जडला आहे. कारण लपवाछपवीचं एकेक प्रकरण उघड झालं की वैद्यकीय मंडळाचा संशय पुढच्या प्रत्येक फाइलवर पडतो. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाबद्दल वेगळी भूमिका घेतली. असा आजार भरतीच्या तपासणीत दिसणारा नसतो, तेव्हा नोंद नाही एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं मानता येणार नाही. २०२३ मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नवे नियम आले आणि अनेक माजी सैनिकांनी त्यांना विरोध केला. त्यांचा विरोध मला रास्त वाटतो. विश्वासाचं हे छप्पर पातळ होत चाललं आहे आणि त्याखाली विधवा आणि अपंग जवान उभे आहेत.

अग्निवीरांसाठी हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २०२२ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा वयाची खालची अट साडेसतरा वर्षांची होती. म्हणजे ज्याला मतदान करता येत नाही, ते पोर स्वतःच्या वैद्यकीय इतिहासाबद्दल सही करतं. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम. सेवेमुळे अपंगत्व आलं तर प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाखांची एकरकमी भरपाई आहे, पण त्यासाठी अपंगत्व सेवेशी जोडलेलं ठरावं लागतं. लपवलेला जुना आजार तिथे पोराच्याच विरुद्ध पुरावा होऊन उभा राहतो. अकॅडमीतल्या सरांनी हे एकदा तरी फळ्यावर लिहून दाखवावं.

या सगळ्याला एक दमदार उत्तर आहे आणि ते टाळू नये. जॉन केनेडी यांची पाठ इतकी खराब होती की अमेरिकी लष्कराने त्यांना नाकारलं होतं. वडिलांच्या ओळखीने ते नौदलात गेले, १९४३ मध्ये त्यांची बोट बुडाली तेव्हा जखमी सहकाऱ्याला ओढत ते तासन्तास पोहले, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे आजार दडवून गेलेला माणूसही वीर ठरू शकतो. खरं आहे. पण पाठ दुखणाऱ्याचं ओझं बहुतांशी त्याचं स्वतःचं असतं, पहाऱ्यावर शुद्ध हरपणाऱ्याचं तसं नसतं. शिवाय केनेडींना दार उघडलं ते मोठ्या घरच्या ओळखीने. खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला तसं दार नसतं. त्याच्यासाठी एक तर खोटं, नाही तर घरी परत. गावात परतल्यावर तो मेडिकलमध्ये का उडाला हे चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक होतं. फिटचं किंवा डोक्याच्या डॉक्टरचं कारण असेल तर पुढे लग्न जमताना तेच आडवं येतं. खरं बोलण्याची एवढी किंमत आपण गावाने ठेवली आहे, लष्कराने नव्हे.

लष्कराची जबाबदारी वेगळी आहे. सांगितलेल्या सत्याचं ते काय करतं? लहानपणी तापात आलेला झटका आणि अपस्मार यांत वैद्यकशास्त्र फरक करतं. तापातले झटके सहा महिने ते पाच वर्षं या वयात येतात आणि त्यातल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. हा फरक पोराला आणि त्याच्या आईला माहीत नसतो. दोघांनाही वाटतं, एकदा ‘फिट’ म्हटलं की संपलं. कोणता आजार कायमचा अडसर, कोणता किती वर्षं औषधाविना गेल्यावर चालतो, कोणता कोणत्या शाखेत चालतो, हे मराठीत, भरतीच्या कार्यालयात आणि तालुक्याच्या ठिकाणी लावलेलं असायला हवं. निम्मी खोटी उत्तरं केवळ अज्ञानातून येतात, असा माझा कयास आहे.

अमेरिकेत या प्रश्नाने वेगळं वळण घेतलं. २०२२ मध्ये तिथे भरती केंद्रांवर अशी संगणक प्रणाली आली की उमेदवाराचे खासगी दवाखान्यांतले जुने कागद आपोआप समोर येऊ लागले. त्याच वर्षी लष्कराला ६० हजारांच्या उद्दिष्टात सुमारे १५ हजार माणसं कमी पडली. कारणं अनेक होती, पण पूर्वी ‘नाही’ म्हणून सुटणारी कितीतरी पोरं आता अडकू लागली हे उघड होतं. मग संरक्षण खात्याने प्रायोगिक योजना आणून बालदमा, लक्ष न लागण्याचा विकार अशा अनेक आजारांच्या अटी सैल केल्या. सत्य दिसू लागल्यावर नियम वास्तवाशी जुळवावे लागले. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली आरोग्याच्या नोंदी एका क्रमांकाशी जोडल्या जात आहेत. आज त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय पाहता येत नाहीत आणि तसंच राहावं. पण नियम आपण कागद उघडे पडण्याआधी दुरुस्त केले तर बरं.

सिकलसेलचं उदाहरण याच दृष्टीने आपल्या फार जवळचं आहे. एकच सदोष जनुक असलेला ‘वाहक’ माणूस एरवी निरोगी असतो, पण अतिश्रम, पाणी कमी पडणं आणि उंची यांत त्याला धोका संभवतो. उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की प्रशिक्षणार्थी कृष्णवर्णीय जवानांमध्ये अकस्मात मृत्यूचा धोका वाहकांना इतरांच्या सुमारे २८ पट होता. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास झाला, तेव्हा वाहकांचं मृत्युप्रमाण इतरांहून जास्त आढळलं नाही. स्नायू विरघळण्याचा त्रास मात्र ५४ टक्क्यांनी अधिक होता. दरम्यानच्या काळात तिथल्या लष्कराने सर्वच जवानांसाठी पाणी, विश्रांती आणि उन्हातल्या कवायतीचे नियम कडक केले होते. वाहकांना बाहेर काढून मृत्यू कमी झालेले नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यातल्या शाळकरी मुलांच्या हातात आता तपासणीचं कार्ड येतं आहे. ही मुलं काही वर्षांत भरतीच्या मैदानावर उतरतील. त्यांच्या आईवडिलांनी रक्त द्यायला नकार दिला नाही, सरकारवर विश्वास ठेवून मुलांचे हात पुढे केले. त्या कार्डावर ‘वाहक’ असं लिहिलेल्या पोराचं लष्कर नेमकं काय करणार, कोणत्या शाखेत त्याला घेणार, कोणत्या उंचीवर पाठवणार नाही, हे आजच जाहीर करून त्या गावांत सांगायला हवं. नाही तर पहिली गोष्ट जी तिथला अकॅडमीवाला शिकवेल ती म्हणजे कार्ड घरी ठेवून यायचं.