शुश्रूषा कीं ताबा?

वृद्ध मनुष्य शस्त्रक्रिया होऊन घरीं परत आलें म्हणजे त्याची सेवा करावी, हें आपल्या मंडळ्यांत कोणास शिकवावें लागत नाहीं. शेजारीण पेजेची तपेली आणून देते, नातवंडें उशाशीं बसतात, आणि जो मुलगा कुचराई करितो त्यास सारा गांव नांवें ठेवितो. तेव्हां सेवा करावी किंवा न करावी, हा प्रश्नच नाहीं. प्रश्न निराळा आहे, व तो फारसा विचारिला जात नाहीं. आपल्या सेवेनें त्या वृद्धाचें आयुष्य पुन्हां त्याच्या हातीं जातें, कीं तें हळूहळू आपल्या हातीं येतें?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकानें नव्हे, तर आमच्याच चुकीनें शिकविला. आमच्या मातुश्री ७६ वर्षांच्या असतां मोरीच्या ओल्या फरशीवरून घसरल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. जिल्ह्याच्या ठिकाणीं शस्त्रक्रिया झाली, आणि सातव्या दिवशीं आम्हीं त्यांस घरीं आणिलें. निघतांना डॉक्टरांनीं बजाविलें होतें कीं, "आजींना रोज वॉकर धरून चालवा." आम्हीं मान डोलाविली, आणि घरीं येऊन नेमकें उलट केलें. इतकें मोठें ऑपरेशन झालें, आतां त्यांनीं बोटही हलवूं नये, असें आम्हांस मनापासून वाटलें. खाट मधल्या घरांत मांडिली. वॉकर दाराआड ठेविला. पेला ओठांशीं नेला, घास भरविला, केस विंचरले. चष्मा फुटेल व कवळी हरवेल म्हणून दोन्ही वस्तु कपाटांत कुलुपांत ठेविल्या. भेटीस येणारीं माणसें "आतां कसें वाटतें?" असें मातुश्रींस विचारीत, तेव्हां उत्तर आम्ही देत असूं. "मुलगा असावा तर असा," असें लोक म्हणत, आणि तें आम्हांस गोड लागे. शौचाचें भांडें मात्र दोन्ही वेळां आमची पत्नी उचलीत असे. तिला कोणीं शाबासकी दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

दहाव्या रात्रीं मातुश्री अंथरुणांतून उठण्याची धडपड करूं लागल्या. घरांत गुरें शिरलीं आहेत असें त्या म्हणत. आम्हांस त्यांनीं आपल्या मृत भावाच्या नांवानें हांक मारिली. सकाळपर्यंत ही वार्ता आळींत पसरली. कोणी म्हणालें, वय झालें, आतां असेंच चालावयाचें. कोणीं बाहेरची बाधा सुचविली. जखमेची पट्टी बदलण्यास येणाऱ्या परिचारिकेनें मात्र पहिला प्रश्न केला, "आजींचा चष्मा कोठें आहे?" आणि दुसरा, "दिवसांतून पाणी किती पितात?" दोहोंचें उत्तर देतांना आम्ही ओशाळलों. चष्मा कुलुपांत होता. पाणी तर त्यांनीं जवळजवळ सोडिलेंच होतें. कां, तें मागाहून कळलें. वारंवार भांडें मागावें लागूं नये, सुनेस त्रास पडूं नये, म्हणून त्या घोटभरच पीत. त्याच दिवशीं डॉक्टरांस कळविलें. लघवीच्या मार्गांत जंतुदोष झाला होता, पोटही साफ नव्हतें. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांस असा भ्रम होणें पुष्कळ आढळतें. तें वेड नव्हे व बाधाही नव्हे. औषध, पाणी, चष्मा, उघडी खिडकी व ओळखीचा चेहरा, इतक्यानें चार दिवसांत त्या ताळ्यावर आल्या. जातांना परिचारिकेनें भरलेल्या तांब्याकडे बोट केलें व म्हटलें, "पाळकसाहेब, हें पाणी आजींनीं आपल्या हातानें कां ओतून घेऊं नये?"

येथें वैद्यांचें म्हणणें थोडें ऐकावें. पूर्वीं खुब्याशीं हाड मोडलेला वृद्ध पायास वजनें बांधून महिनेच्या महिने खाटेस खिळून असे, व पुष्कळांचा शेवट त्या खाटेवरच होई. १९३१ सालीं बोस्टनचे डॉ. स्मिथ-पीटरसन व त्यांचे सहकारी यांनीं मोडलेल्या हाडांत खिळा बसविण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली, आणि रोग्यास लवकर उठविण्याचा मार्ग मोकळा होत गेला. १९४७ सालीं इंग्लंडांतील डॉ. रिचर्ड अॅशर यांनीं अंथरुणांत पडून राहण्याच्या धोक्यांविषयीं एक निबंध लिहिला. रक्ताच्या गुठळ्या, छातींतील कफ, पाठीचे व्रण, बद्धकोष्ठ व खचलेलें मन, हे सर्व त्या विसाव्याचेच परिणाम होत असें त्यांनीं दाखविलें. २००७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, निरोगी वृद्धांस केवळ दहा दिवस अंथरुणांत ठेविलें असतां त्यांच्या पायांचें सुमारें एक किलो मांस झडलें. म्हणूनच आज अशा शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशीं रोग्यास आधार देऊन उभें करितात. आणि आम्हीं काय केलें? जें निरोग्यासही सोसत नाहीं, तें दुर्बळ झालेल्या आईस दहा दिवस मोठ्या प्रेमानें दिलें.

कोणी म्हणेल, "म्हातारें माणूस दुखतें म्हणून कण्हतें, नको नको म्हणतें; त्यास बळेंच उठविणें हा जुलूम नव्हे काय?" हा आक्षेप खरा आहे, व तो टाळून चालणार नाहीं. परंतु भिडस्तपणें पडूं देणें म्हणजे दया, हेंही खरें नाहीं. दुखत असेल तर दुखण्याची गोळी डॉक्टरांस विचारून चालण्यापूर्वीं अर्धा तास द्यावी, दहा पावलांऐवजीं चारच पावलें चालवावें, पण उठवावें. एखाद्या आग्रहाची पारख आम्हांस अशी वाटते: त्यानें कोणाचें ओझें हलकें होतें? भरविण्यास दहा मिनिटें लागतात. आईनें आपल्या हातानें जेवावयाचें म्हटलें तर अर्धा तास लागतो, वरण सांडतें, चादर धुवावी लागते. भांडें देणें लवकर होतें. उठवून, धरून, खुर्चीपर्यंत नेणें लांबतें. म्हणजे ज्यास आम्ही आपला त्याग समजत होतों, त्यांत आमची सोयच पुष्कळ होती. पांचवी आज्ञा आईबापांचा मान राखण्यास सांगते, त्यांचे लाड करण्यास नव्हे. तान्ह्या मुलाचे लाड होतात; मान मोठ्या माणसाचा राखावा लागतो, आणि मोठ्या माणसास आपलें मत असतें, लाज असते, व आपलीं कामें असतात.

त्या दिवसापासून घरांत पालट केला. वॉकर दाराआडून काढून हाताशीं ठेविला. चटया व गोधड्या वाटेंतून गुंडाळल्या, मोरीची फरशी कोरडी ठेविली, रात्रीं लहान दिवा लावूं लागलों. उकिडवें बसणें वर्ज्य होतें, म्हणून भोक पाडलेली खुर्ची आणून तिच्याभोंवतीं पडदा लाविला. भांड्याचें काम एक वेळ आम्हीं आपल्याकडे घेतलें, आणि आपली पत्नी काय करीत होती तें तेव्हां कळलें. जेवणांत डाळ, अंडें, दूध वाढविलें, कारण झडलेलें मांस पेजेनें भरून येत नाहीं. मातुश्री खाटेवर बसून तांदूळ निवडूं लागल्या, लसूण सोलूं लागल्या. पुढें डॉक्टरांनीं विचारिलें तेव्हां आम्हीं तोंड मिटून धरिलें, आणि मातुश्रींनीं आपलें दुखणें आपण सांगितलें. त्यांत आम्हांस ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी होत्या.

सर्वच गोष्टी रोग्याच्या मर्जीवर सोडाव्या, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. पोटरी सुजून दुखूं लागली, एकाएकीं धाप लागली, छातींत कळ आली, ताप चढला किंवा जखमेंतून पू आला, तर "उद्यां पाहूं" असें कोणाचेंही ऐकूं नये. लागलीच दवाखाना गांठावा. सुजलेली पोटरी तेलानें चोळूं नये, कारण आंत गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. रक्त पातळ ठेवण्याचें औषध दिलें असेल तर तें चुकवूं नये. अशा ठिकाणीं अधिकार वापरणें हेंच प्रेम. पण हीं ठिकाणें थोडीं आहेत. आणि आम्हीं तो अधिकार चष्म्यापासून पेल्यापर्यंत सर्वत्र वापरिला होता.

सहाव्या आठवड्यांत एके दिवशीं बाहेरून आलों, तों मातुश्री एकट्या ओट्यास टेकून चहा करीत उभ्या! आम्ही ओरडलों, "आई, पडलीस तर?" त्यांनीं मागें न पाहतां म्हटलें, "पडलें तर उचल मला. पण पडेन म्हणून पाडून ठेवूं नकोस." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. भीति गेली असें नव्हे. ती अजूनही आहे. आमच्या पत्नीनें मात्र कांहीं न बोलतां एक उंच, हातांची खुर्ची आणून ओट्याजवळ ठेविली. आमच्या भीतीपेक्षां त्या खुर्चीचा उपयोग अधिक झाला.

आज त्या गोष्टीस वर्ष होऊन गेलें. पूर्वींचें सर्व परत आलेलें नाहीं. मातुश्रींस जमिनीवर बसतां येत नाहीं, व काठीवांचून त्या दाराबाहेर जात नाहींत. परंतु कोणत्या घरीं जावयाचें व केव्हां परतावयाचें, हें त्याच ठरवितात.

वाचकहो, तुमच्या आळींत असा कोणी वृद्ध नुकताच घरीं आला असेल. त्यास भेटावयास जाल तेव्हां त्याच्या मुलास न विचारतां त्यालाच विचारा, आणि उत्तर उशिरानें आलें तरी थांबा. त्याचा चष्मा कोठें आहे तें पाहा. पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशीं आहे काय, तें पाहा. आणि निघण्यापूर्वीं, त्या घरीं भांडें कोण उचलतें याची चौकशी करून, दोन शब्द तिच्याशींही बोला.